पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च, इ.स. १८७६ – ४ जुलै, इ.स. १९५५) हे भारतीय क्रिकेटपटू होते. 'पी. बाळू' या नावानेही ते ओळखले जातात. मंदगती डावखुरे फिरकी गोलंदाज असलेले बाळू विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदू संघाकडून खेळले आणि इ.स. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. तत्कालीन समाजव्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजातून आलेले आणि क्रिकेटमध्ये देशव्यापी कीर्ती मिळवणारे ते पहिले मोठे खेळाडू होत. त्यांच्या खेळाची जडणघडण पुण्यात झाली व पुढील कारकीर्द मुंबईत घडली. निवृत्तीनंतर त्यांनी सार्वजनिक जीवनात भाग घेतला. इ.स. १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता.

## कारकीर्द एका दृष्टिक्षेपात

- शैली: मंदगती डावखुरी फिरकी गोलंदाजी
- प्रथम श्रेणी कारकीर्द: १९०५-०६ ते १९२०-२१
- प्रथम श्रेणी सामने: ३३
- धावा: ७५३ (सरासरी १३.६९, सर्वोच्च ७५)
- बळी: १७९ (सरासरी १५.२१)
- डावात पाच वा अधिक बळी: १७ वेळा
- सामन्यात दहा वा अधिक बळी: ४ वेळा
- डावातील सर्वोत्तम कामगिरी: १०३ धावांत ८ बळी, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध, १९११

## कुटुंब आणि बालपण

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवण या गावचे. गावावरून हे आडनाव आले. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. जन्मवर्ष सामान्यतः १८७६ दिले जाते. काही लेखनात ते १८७५ असेही आढळते. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित होती आणि तिच्या निमित्ताने कुटुंब पुण्यास आले. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्याच्या पूर्वेस व खडकी येथे इंग्रजांच्या लष्करी छावण्या वसल्या होत्या. छावणी म्हटली की कवायतीचे मैदान आले आणि मैदानापाठोपाठ क्रिकेट आले. बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर हा खेळ शिकण्यास सुरुवात केली. बाळूंचे शालेय शिक्षण लवकरच थांबले आणि घरखर्चास हातभार लावण्यासाठी त्यांना नोकरी धरावी लागली.

## पुण्यातील वर्षे

### मैदानावरील नोकरी

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. वेतन दरमहा तीन रुपये होते. इ.स. १८९२च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर रुजू झाले. तेथे खेळपट्टीची निगा राखण्याबरोबरच सरावाची जाळी उभारणे आणि टेनिसची मैदाने आखणे हीही कामे त्यांच्याकडे होती.

ट्रॉस नावाच्या एका युरोपीय सभासदाने त्यांना जाळ्यात गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले, असे सांगितले जाते. क्लबात कॅप्टन बार्टन नावाचे एक डावखुरे गोलंदाज खेळत. त्यांची सहज, सुरेल अशी गोलंदाजीची धाटणी पाहून बाळूंनी आपली शैली घडवली. बाळूंना क्रिकेटचे रीतसर शिक्षण देणारा कोणी नव्हता. निरीक्षण आणि हजारो चेंडूंचा सराव हीच त्यांची शाळा होती.

### ग्रेग यांचा सराव

पूना क्लबातील सर्वांत नामांकित फलंदाज म्हणजे जे. जी. ग्रेग. ते इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळत. इतर सभासद येण्याच्या तासभर आधी मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केल्यास दर वेळी ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट खरी मानली, तर आठवड्यातून एकदा ग्रेग बाद झाल्यास महिन्याकाठी दोन रुपये, म्हणजे पगाराच्या निम्मी जादा कमाई होई. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. देशातील एका उत्तम फलंदाजासमोर रोज तासभर चेंडू टाकण्याची संधी बाळूंना मिळाली, आणि ग्रेग यांचा खेळही त्या सरावातून सुधारला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. पूना क्लबात बाळूंनी असंख्य तास गोलंदाजी केली. परंतु फलंदाजी करण्याची संधी त्यांना तेथे एकदाही मिळाली नाही, असे त्यांनी पुढे आपल्या मुलास सांगितले होते. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे चाकराचे श्रम, अशी ती विभागणी होती.

### हिंदू क्लबातील प्रवेश

पुण्यातील हिंदूंचा क्रिकेट क्लब युरोपीय संघांविरुद्ध सामने खेळत असे. बाळूंच्या गोलंदाजीची ख्याती तेथवर पोहोचली तेव्हा त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू भाषक सभासद त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर युरोपीयांना हरवण्याच्या ईर्ष्येने विरोधावर मात केली आणि बाळू संघात आले.

मैदानावर ते संघाचे प्रमुख गोलंदाज होते. परंतु मैदानाबाहेर शिवाशिव पूर्वीसारखीच पाळली जाई. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू तंबूत बसत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे जेवणाचे ताट आणि बसण्याची जागा वेगळी असे. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास अस्पृश्य मानलेल्या समाजातीलच एखादा नोकर ते मैदानाच्या कोपऱ्यात आणून देई. त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते.

सातारा येथील युरोपीयांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातील विशेष उल्लेखनीय मानला जातो. बाळूंच्या फिरकीला वाव मिळू नये म्हणून यजमानांनी कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ती टणक केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याच्या संघाने सामना जिंकला. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. जे त्यांच्याबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाणेपिणेही करावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंची प्रशंसा केल्याचा उल्लेख मिळतो. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद असलेल्या या दोन पुढाऱ्यांनी एकाच गोलंदाजाचा गौरव करावा, ही बाब त्या काळाच्या संदर्भात लक्षणीय आहे.

## गोलंदाजीची शैली

बाळू डाव्या हाताने मंदगती फिरकी टाकत. अशा गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. त्यामुळे तो बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या अथवा स्लिपमधील क्षेत्ररक्षकाच्या हाती जाण्याचा संभव असतो. फलंदाज पुढे सरसावून चेंडू गाठू पाहील तर यष्टिचीत होण्याचा धोका राहतो. या साऱ्याचा पाया म्हणजे टप्प्यावरील हुकमत. टप्पा आखूड पडला की मंदगती चेंडूवर सहज फटका बसतो.

समकालीनांच्या वर्णनांवरून बाळूंचे बळ अचूकतेत आणि वैविध्यात होते, असे दिसते. चेंडू दोन्ही दिशांना वळवणे, वेग बदलणे, उंची कमीजास्त करणे आणि गोलंदाजीच्या रेषेवरील जागा बदलून कोन पालटणे, ही त्यांची वैशिष्ट्ये सांगितली जातात. यॉर्कशायरचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी तुलना करून बाळूंना 'भारताचे ऱ्होड्स' असेही म्हटले जाई.

खेळपट्टी तयार करण्याच्या नोकरीचाही या कौशल्याशी संबंध असावा. कोणती माती केव्हा तडकते, पाणी दिल्यावर किती वेळात ती सुकते, रोलरने ती कोठे दबते, हे ज्ञान बाळूंना रोजच्या कामातून मिळत होते. फिरकी गोलंदाजाला याहून उपयुक्त ज्ञान क्वचितच असेल.

## मुंबईतील कारकीर्द

इ.स. १८९६च्या सुमारास, प्लेगच्या साथीच्या काळात, बाळू पुणे सोडून मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. येथेही काही सभासदांनी जातीच्या कारणावरून आक्षेप घेतला होता. मात्र संघाचे हित पाहणाऱ्यांनी बाळूंची बाजू लावून धरली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

### १९०६चा सामना

मुंबई इलाख्यातील प्रतिष्ठेचे सामने आरंभी युरोपीय व पारशी या दोनच संघांत होत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ प्रथमच युरोपीयांविरुद्ध उतरला. सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या; युरोपीयांचा डाव १९१ धावांवर आटोपला. दुसऱ्या डावात हिंदू संघाने १६० धावा करून प्रतिस्पर्ध्यांपुढे २१२ धावांचे लक्ष्य ठेवले. युरोपीय संघ १०२ धावांत गारद झाला आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच, असे आठ बळी घेतले. बंधू शिवराम हेही याच संघात होते.

विजयाची चर्चा क्रीडेपुरती मर्यादित राहिली नाही. जातिभेद बाजूला सारून निवडलेल्या संघाने राज्यकर्त्यांच्या संघास हरवले, याकडे 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारणावादी पत्राने लक्ष वेधले. पुढील वर्षापासून युरोपीय, पारशी व हिंदू यांच्यात तिरंगी सामने सुरू झाले. इ.स. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या समावेशाने ते चौरंगी झाले. ही स्पर्धा त्या काळी देशातील सर्वाधिक लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा होती.

## इंग्लंडचा दौरा (१९११)

इ.स. १९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू व मुस्लिम खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघा बंधूंची निवड झाली होती. त्याच उन्हाळ्यात पंचम जॉर्ज यांचा राज्यारोहण समारंभ होता. महाराजांचा बराच वेळ समारंभ व भेटीगाठींत गेला आणि ते मोजकेच सामने खेळले.

संघाची एकूण कामगिरी सामान्य राहिली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. बाळूंची कामगिरी मात्र या अपयशातून उठून दिसते. सर्व सामन्यांत मिळून त्यांनी १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतील असून त्यांची सरासरी २०.१२ आहे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध ९२ धावांत ५ आणि ९३ धावांत ६, असे ११ बळी घेऊन त्यांनी संघाला विजय मिळवून दिला. टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध संघ एक गडी राखून जिंकला. त्या सामन्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या. संघाने प्रथम श्रेणीचे दोनच सामने जिंकले. एकात थोरल्या भावाच्या गोलंदाजीचा आणि दुसऱ्यात धाकट्याच्या फलंदाजीचा मोठा वाटा होता.

ही कामगिरी तोलताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. इंग्लंडमधील खेळपट्ट्या व हवामान त्यांना सर्वस्वी नवे होते. शिवाय १९११चा उन्हाळा इंग्लंडमध्ये असाधारण कडक व कोरडा गेला. पावसाने ओलसर झालेल्या खेळपट्टीचा मंदगती गोलंदाजास जो लाभ होतो, तो अशा मोसमात फारसा मिळत नाही.

### स्वागत

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार करण्यात आला. त्या प्रसंगीचे मानपत्र तयार करण्यात तरुण भीमराव आंबेडकर यांचा सहभाग होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. आंबेडकर त्या वेळी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. त्यांच्या पिढीतील दलित तरुणांसाठी बाळू हे स्वकर्तृत्वावर मान मिळवणाऱ्या माणसाचे जिवंत उदाहरण होते.

## कर्णधारपदाचा प्रश्न

अनुभव, ज्येष्ठता व कामगिरी या तिन्ही कसोट्यांवर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे, असे मत १९१०च्या सुमारापासून व्यक्त होऊ लागले होते. ते पद त्यांना कधीही मिळाले नाही. इ.स. १९१३ मध्ये कर्णधार म्हणून निवडले गेलेले मुकुंद पै यांनी सत्काराच्या भाषणात हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता, असे स्वतःच सांगितले. प्रतिस्पर्धी मानल्या गेलेल्या खेळाडूनेच दिलेली ही कबुली बोलकी आहे.

इ.स. १९२० मध्ये हा वाद उघड झाला. त्या वर्षी बाळूंना आरंभी संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडल्यावर कर्णधारपद पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. बाळूंचे बंधू शिवराम आणि विठ्ठल हे दोघेही देवधरांहून ज्येष्ठ खेळाडू होते. जातीमुळे आपल्याला डावलले, असा जाहीर निषेध करून त्यांनी सामन्यातून माघार घेतली. महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणाचा विषय देशापुढे मांडत होते, त्याच वर्षी हे घडले, आणि वर्तमानपत्रांतून पालवणकर बंधूंच्या बाजूने लोकमत तयार झाले. अंतिम सामन्यासाठी बंधू संघात परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामन्यादरम्यान पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. हीच त्यांच्या कारकिर्दीची अखेर ठरली.

## पालवणकर बंधू

बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे बंधू हिंदू संघाकडून खेळले. धाकटे विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. इ.स. १९२३ मध्ये त्यांना हिंदू संघाचे कर्णधार नेमण्यात आले आणि त्याच वर्षी संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. जे पद थोरल्या भावास नाकारले गेले, ते दहा वर्षांच्या आग्रहानंतर धाकट्यास मिळाले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र लिहिले. ते इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पालवणकर बंधूंच्या जीवनाविषयी ते महत्त्वाचे साधन मानले जाते.

## आकडेवारीचे मूल्यमापन

खेळाडूची कारकीर्द एका लहान पत्त्यावर मांडण्याची प्रथा बाळूंच्याच काळात रूढ होत होती. इंग्लंडमध्ये विल्स या तंबाखू कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंच्या ५० चित्रपत्त्यांचा संच सिगारेटच्या पाकिटांतून दिला. अमेरिकेत बेसबॉलपटूंचे असेच पत्ते लोकप्रिय होते. १९११ साली, म्हणजे बाळू इंग्लंडमध्ये खेळत होते त्याच वर्षी, तेथे सोनेरी कडेच्या पत्त्यांचा एक संच निघाला, ज्यात पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याचा अल्प परिचय व आकडे होते. चाहते आजही असे पत्ते जपतात, कारण मागच्या बाजूच्या चार ओळींत एका माणसाचे सबंध क्रीडाजीवन साठवलेले असते.

बाळूंची अशी चार ओळींची नोंद करावयाची तर ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ एवढीच होईल. तिची तुलना समकालीनांशी केल्यास एक फरक चटकन नजरेत भरतो. बेसबॉलमध्ये चेंडूफेक करणारे, म्हणजे पिचर असलेले क्रिस्टी मॅथ्यूसन १९०० ते १९१६ या काळात ६३६ सामन्यांत खेळले. बाळूंहून एखाद्याच वर्षाने लहान असलेले आणि त्यांच्यासारखीच गोलंदाजी करणारे विल्फ्रेड ऱ्होड्स अकराशेहून अधिक प्रथम श्रेणी सामने खेळले व त्यांनी चार हजारांवर बळी घेतले. बाळूंच्या वाट्याला पंधरा वर्षांत तेहतीस सामने आले.

या फरकाची कारणे खेळाडूच्या कौशल्यात शोधून सापडत नाहीत. ती परिस्थितीत आहेत. भारतात त्या काळी प्रथम श्रेणीचे सामने वर्षाकाठी एखाद-दुसरेच होत. १९०६ पूर्वी हिंदू संघाला त्या दर्जाचे सामनेच उपलब्ध नव्हते. त्यामुळे बाळूंच्या विशीतील सर्व कामगिरी, म्हणजे पूना क्लबातील गोलंदाजी, साताऱ्याचा विजय आणि मुंबईतील पहिली दहा वर्षे, या आकड्यांत कोठेही नाही. त्यांची अधिकृत कारकीर्द सुरू झाली तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

जे सामने मोजले गेले त्यांतही एक विभागणी करता येते. १७९ पैकी ७५ बळी इंग्लंडच्या एकाच दौऱ्यातील आहेत. उरलेल्या १०४ बळींची सरासरी काढल्यास ती बाराच्याही किंचित खाली येते. भारतातील परिचित खेळपट्ट्यांवर, वयाच्या तिशीनंतर, प्रत्येक बळीमागे त्यांनी बारा धावाही दिल्या नाहीत. एकूण सरासरीत ही गोष्ट झाकली जाते.

फलंदाजीचे आकडे वाचतानाही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. तेराची सरासरी सामान्य आहे; परंतु ज्या वयात इतर खेळाडू जाळ्यात फलंदाजी शिकतात, त्या वयात बाळूंच्या हाती बॅट दिलीच गेली नव्हती. हे ध्यानात घेतल्यास त्यांच्या नावावरील ७५ धावांची खेळी वेगळी वाटू लागते. कर्णधार म्हणून खेळलेल्या सामन्यांचा रकाना रिकामा आहे. तो रिकामा का राहिला, हे आकडे सांगत नाहीत. ते समजण्यासाठी वर वर्णिलेला इतिहासच वाचावा लागतो.

## सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर बाळू दलित समाजाचे एक प्रतिष्ठित प्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा कल हिंदू समाजांतर्गत सुधारणेकडे आणि काँग्रेसच्या भूमिकेकडे होता. इ.स. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण केले. त्यातून २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. डॉ. आंबेडकर, एम. सी. राजा आदींसमवेत बाळूंचीही त्यावर सही आहे. ज्या शहरात त्यांनी दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी राखली, त्याच शहरात चाळीस वर्षांनी ते देशाच्या राजकीय इतिहासातील एका महत्त्वाच्या दस्तऐवजाचे साक्षीदार झाले.

पुढे त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेच्या वतीने लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. इ.स. १९३७च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर यांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. २,०२० मतांनी त्यांचा पराभव झाला. एकेकाळी ज्यांच्या सत्कारात तरुण आंबेडकर सहभागी झाले, त्यांनाच पंचवीस वर्षांनी आंबेडकरांसमोर उभे राहावे लागले. दलितांच्या उन्नतीचा मार्ग कोणता, याविषयीचे दोन विचारप्रवाह त्या लढतीत समोरासमोर आले होते.

## निधन आणि वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथे झालेल्या अंत्यसंस्कारास क्रिकेटपटूंबरोबर लोकप्रतिनिधी व दलित पुढारीही उपस्थित होते.

भारताने पहिला कसोटी सामना इ.स. १९३२ मध्ये खेळला. बाळू त्यापूर्वीच निवृत्त झाले होते. कसोटीपटूंच्या याद्यांत त्यांचे नाव येत नाही आणि त्यामुळे कित्येक दशके ते सामान्य क्रिकेटरसिकांच्या विस्मरणात गेले. इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथाने त्यांचे चरित्र पुन्हा प्रकाशात आणले. प्रशांत किदंबी यांच्या 'क्रिकेट कंट्री' (२०१९) या ग्रंथात १९११च्या दौऱ्याचा सविस्तर इतिहास आहे. 'लगान' (२००१) या हिंदी चित्रपटातील 'कचरा' या दलित फिरकी गोलंदाजाच्या पात्राची तुलना अनेकदा बाळूंशी केली जाते. पात्र एका योगायोगाने गोलंदाज बनते. बाळू मात्र अनेक वर्षांच्या रोजच्या कष्टाने गोलंदाज झाले, हा दोहोंतील मुख्य भेद आहे.

भारतीय क्रिकेटला पुढे विनू मंकड, बापू नाडकर्णी, पद्माकर शिवलकर, बिशनसिंग बेदी अशी डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची मोठी परंपरा लाभली. या परंपरेच्या आरंभी पालवणकर बाळू यांचे स्थान आहे.

## हेही पहा

- पालवणकर विठ्ठल
- मुंबईची चौरंगी स्पर्धा
- पुणे करार
- दि. ब. देवधर
- अखिल भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, १९११